उपग्रहचित्र आणि इतिहासाचा पुरावा : विदर्भाच्या संदर्भात एक विचार

विदर्भातील जमीन, जंगल आणि जलाशय यांच्या अलीकडील स्थित्यंतरांचा इतिहास लिहावयाचा तर उपग्रहचित्रांकडे वळल्यावाचून गत्यंतर नाही. या चित्रांच्या अभ्यासाचे नागपूर हे एक प्रमुख केंद्र होय. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो, इस्रोचे प्रादेशिक सुदूर संवेदन केंद्र आणि १९८८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र या तिन्ही संस्था येथेच आहेत. बखर वाचताना ती कोणी, केव्हा व कोणत्या दृष्टीने लिहिली हे पाहण्याची जी शिस्त इतिहासाभ्यासक पाळतो, तीच या नव्या साधनालाही लावली पाहिजे. येथे 'दृष्टी' म्हणजे कॅमेऱ्यातील संवेदक.

भास्कर उपग्रहांवरील (१९७९, १९८१) दूरचित्रवाणी-कॅमेऱ्यांची नजर सुमारे एक किलोमीटरपर्यंतच सूक्ष्म होती. १७ मार्च १९८८ रोजी बैकोनूर येथून सोडलेल्या आयआरएस-१ए या उपग्रहावर त्याऐवजी २,०४८ प्रकाशसंवेदी घटकांच्या रांगा होत्या. उपग्रह पुढे सरके तसतशी रांग भूमीची एकेक ओळ टिपत जाई. 'लिस-१' कॅमेऱ्यात प्रत्येक घटकाच्या वाट्याला ७२.५ मीटर बाजूचा चौरस येई व पट्टा सुमारे १४८ किलोमीटर रुंद होई. 'लिस-२' मध्ये चौरसाची बाजू निम्मी केली. परंतु त्यामुळे पट्टाही निम्मा झाला, आणि तेवढीच रुंदी व्यापण्यासाठी दोन कॅमेरे शेजारी-शेजारी बसवावे लागले.

यामागील नियम साधा आहे. घटकांची संख्या ठरलेली असेल, तर बारकावा वाढविला की विस्तार घटतो. शिवाय चौरसाची बाजू निम्मी केली की त्यावरून येणारा प्रकाश एक-चतुर्थांश होतो, आणि उपग्रहाचा वेग तोच असल्याने तो टिपण्यास मिळणारा काळही निम्मा होतो. ही उणीव मोठ्या भिंगाने, अधिक रुंद वर्णपट्टाने किंवा अन्य काही सोडून देऊन भरून काढावी लागते.

२८ डिसेंबर १९९५ च्या आयआरएस-१सी उपग्रहाने हा व्यवहार तीन कॅमेऱ्यांत वाटून दिला. 'पॅन' ५.८ मीटरपर्यंत पाही; मात्र त्याचे चित्र एकरंगी, छटा अवघ्या ६४ व पट्टा ७० किलोमीटरचा. 'लिस-३' रंग वेगळे करी, १२८ छटा देई व १४१ किलोमीटर व्यापी. परंतु त्याचा चौरस २३.५ मीटरचा. 'विफ्स' ८१० किलोमीटर व्यापून पाच दिवसांनी परत येई, पण १८८ मीटरहून सूक्ष्म पाहत नसे. पावसाळी ढगांमध्ये धानाचे पीक पाहावयाचे तर वारंवार येणेही बारकाव्याइतकेच मोलाचे.

आता पूर्व विदर्भाकडे पाहू. तेथील बोली 'तलाव' आणि 'बोडी' असा भेद करते. लिस-१ ला तो करता येत नाही. त्याचा एक चौरस सुमारे अर्ध्या हेक्टरचा. पाव एकराची बोडी त्याचा पाचवा हिस्सा, म्हणून ती भोवतालच्या धानाच्या बांध्यांच्या रंगात विरून जाते. लिस-३ मध्ये तिला जेमतेम दोन चौरस लाभतात, पॅनमध्ये तीस. तेव्हा १९८८ च्या चित्रात नसलेली बोडी १९९६ च्या चित्रात दिसली, तर ती मधल्या काळात खोदली गेली असे अनुमान काढता येत नाही. बदल भूमीत झाला की नजरेत, हे आधी ठरवावे लागते.

हा प्रश्न केवळ विद्वच्चर्चेचा नाही. वनहक्क कायद्यान्वये (२००६) दावेदाराचा ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा असावा लागतो. गडचिरोलीच्या जंगलातील एखादा लहानसा शेततुकडा जुन्या चित्रात दिसला नाही, एवढ्यावरून तो नव्हताच असे म्हटले, तर संवेदकाच्या मर्यादेची शिक्षा कसणाऱ्याला होते. २०१२ च्या सुधारित नियमांनी उपग्रहचित्र इतर पुराव्यास पूरक मानले, त्याची जागा घेऊ दिली नाही. ग्रामसभेतील वृद्धांची साक्ष त्याच नियमांत पुरावा म्हणून मान्य आहे. चित्राचे मौन हा पुरावा नव्हे, हे इतिहासाचे जुनेच तत्त्व येथे कायद्याने स्वीकारले आहे.