नीरा खोऱ्यातील खारवट माती आणि पुण्याची प्रयोगशाळा

नीरा नदीचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला. १८७६-७७ च्या दुष्काळाने पोळलेल्या मुलखाला ते पाणी म्हणजे जीवदानच होते. जिथे बाजरीची शाश्वती नव्हती, तिथे ऊस डोलू लागला. पण वीस-पंचवीस वर्षांत एक नवेच दुखणे उभे राहिले. बारामतीकडच्या सखल, काळ्याभोर रानांत उन्हाळ्यात पांढरी पापडी धरू लागली. पेरलेले बी उगवेना. जमिनीला मीठ फुटले म्हणून शेतकरी कपाळाला हात लावून बसला.

या दुखण्याची नाडी पाहिली ती पुण्याच्या शेतकी कॉलेजाने. तिथले प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मॅन मूळचे रसायनशास्त्रज्ञ. आसामात चहाच्या मळ्यांचे काम करून १९०७ साली इकडे आलेले. पिंपळे सौदागर गावाची त्यांनी केलेली पाहणी पुष्कळ शिक्षकांना ठाऊक असते. पण त्याआधी, १९१० साली, मॅन आणि व्ही. ए. ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर जी पुस्तिका लिहिली, तिची आठवण फारशी कोणी काढीत नाही.

आता माती तपासायची म्हणजे करायचे काय? त्या काळची रीत साधीच होती, बरं का. माती वाळवायची, कुटून चाळायची. शंभर ग्रॅम माती अर्धा लिटर शुद्ध पाण्यात खूप ढवळायची आणि ते पाणी गाळून घ्यायचे. त्यातले पन्नास घनसेंटिमीटर पाणी, म्हणजे दहा ग्रॅम मातीचा अर्क, चिनी मातीच्या वाटीत मंद आचेवर आटवायचे. तळाशी राहील तो क्षार. तो काचेच्या पेटीतल्या नाजूक काट्यावर तोलायचा. वाऱ्याची झुळूक लागली तरी तो काटा हलतो, म्हणून पेटी. क्षार ०.०५ ग्रॅम भरला, तर मातीत अर्धा टक्का क्षार झाला. ऐकायला किरकोळ वाटते! पण एकरभर रानातल्या फूटभर थराचे वजन सतरा-अठरा लाख किलो असते. त्याचा अर्धा टक्का म्हणजे आठ-नऊ हजार किलो. क्षार कोणता, याचाही पत्ता लागे : अर्कात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले आणि दह्यासारखा पांढरा साका बसला, की त्यात क्लोराइड आहे, म्हणजे मिठाच्या जातीचा क्षार आहे, असे समजावे.

तरीही माझ्या मते या कामातले मोठे हत्यार काटा नव्हे, तर माती काढण्याचे गिरमिट. वरची पापडी खरवडून आणली तर क्षार भरमसाट दिसेल; पावसाळ्यानंतर तीच माती आणली तर तो कमी भरेल. म्हणून फुटाफुटाने खाली जाऊन निरनिराळ्या थरांची माती घ्यावी लागते. तसे भोक पाडले, की चार-पाच फुटांवरच पाणी लागते, आणि दुखण्याचे मूळ तिथे सापडते. कालव्याचे पाणी मुरत मुरत साचलेले असते. उन्हाने ते वर ओढले जाते, उडून जाते आणि क्षार मागे ठेवते.

नुसत्या वजनाने सगळे कळत नाही, हेही सांगितले पाहिजे. चोपण जमिनीत मोकळा क्षार कधी थोडाच असतो, पण सोडियम चिकणमातीच्या कणांना धरून बसतो. कण विस्कटतात, माती थापल्यासारखी होते, पाणी खाली जाईना होते. अशा जमिनीला जिप्सम घालतात. मातीची आम्लता-अल्कता आकड्यात सांगणारे पीएच हे माप सोरेन्सन यांनी कोपनहेगनमध्ये १९०९ साली, म्हणजे त्याच सुमारास मांडले. मातीच्या कोणत्याही तपासणीपत्रावर तो आकडा असतो.

उपाय उघड होता : मुरमापर्यंत चर खणा, साचलेले पाणी काढून द्या आणि वरून गोड्या पाण्याने क्षार धुऊन काढा. पण एकट्याने चर खणला, तर त्याचे पाणी शेजाऱ्याच्या रानात जाणार. चर नाल्याला मिळाला पाहिजे आणि मधले सगळे बांध राजी झाले पाहिजेत. हे काम एका प्रयोगशाळेच्या आवाक्यातले नव्हते. मुंबई सरकारने १९१६ साली पाटबंधारे आणि निचरा यांचे प्रश्न सोडवण्यासाठी एक खास शाखा पुण्याजवळ हडपसरला काढली. खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र ते हेच, तिच्यातून वाढलेले.