वार, साखर आणि चरबी

मंडळी, आमचा विषय तत्त्वज्ञान. तरी आज उचगावात आम्ही वारेबद्दल बोलणार आहोत. पूर्वी बाळंतपण झालं की सुईण वार पुरून टाकायची. ज्या अवयवानं नऊ महिने लेकराला पोसलं, त्याच्या आत काय चालतं हे विचारायला कुणाला सवड नव्हती. आणि लेकरू थोराड निघालं, तर आपल्या कोल्हापुरात 'पैलवान आला' म्हणून कौतुक! ते थोराडपण कशानं, हा प्रश्न आम्हालाही फार उशिरा पडला.

1921 साली टोरंटोत इन्सुलिन सापडलं. त्याआधी मधुमेही बाईनं गरोदर राहणं म्हणजे दोन जीव टांगणीला. इन्सुलिननं आया वाचल्या, पण बाळं अजूनही मोठाली जन्मायची, काही पोटातच दगावायची. 1952 मध्ये कोपनहेगनच्या पेडरसन यांनी सांगितलं, की आईची साखर वार ओलांडते, इन्सुलिन ओलांडत नाही. मग बाळाचं स्वादुपिंड स्वतःच जादा इन्सुलिन तयार करतं आणि चरबी साठते. 1980 मध्ये अमेरिकेत फ्रेंकेल म्हणाले, नुसती साखर नव्हे, आईच्या रक्तातली चरबी आणि अमिनो आम्लंही बाळाला घडवतात.

इथं जरा थांबू. चरबी साखरेसारखी सरळ पलीकडे जात नाही. वारेतली विकरं ट्रायग्लिसराइड फोडतात, सुटलेली मेदाम्लं आत घेतली जातात. काही पुढं बाळाकडं, काही जाळायला, काही पुन्हा जोडून थेंबाथेंबानं साठवायला. मधुमेहात हा हिशेब बिघडतो, जाळणं कमी होतं आणि साठा वाढतो. म्हणजे वार ही नुसती चाळणी नाही, ती स्वतः हिशेब ठेवणारी आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसाला हे फार आवडतं, काय करणार!

आता आपल्याकडची गोष्ट. 1993 पासून पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी जवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. बाळांचं सरासरी वजन सुमारे 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं सुमारे 3.5. दंड बारीक, पोट बारीक, पण खांद्याच्या पात्याखालच्या कातडीतली चरबी मात्र बरीचशी टिकून! हडकुळं दिसणारं, आतून चरबी राखणारं बाळ. या आयांना बहुतेक मधुमेह नव्हताच. तरीही 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात दिसलं, की आईच्या रक्तातल्या चरबीचा बाळाच्या आकाराशी असलेला संबंध साखरेइतकाच महत्त्वाचा आहे.

म्हणून 'हिनंच गोड खाल्लं' असं सुनेला बोलणाऱ्यांना आम्ही विचारतो, तिची आई तिच्या वेळी काय खात होती? 2014 च्या सरकारी सूचनांनुसार प्रत्येक गरोदर बाईची साखर दोनदा तपासायची, 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी. आपल्या सुनेची झाली का, एवढं आज घरी जाऊन विचारा.