एलिया : रायगड किनाऱ्यावरील परंपरा

एलिया (इ. स. पू. ९ वे शतक). इस्राएलच्या उत्तरेकडील राज्यात अहाब राजाच्या काळी होऊन गेलेला संदेष्टा. रायगडच्या किनाऱ्यावर त्याचा वारसा दोन समाजांकडे आला : अलिबाग परिसरातील बेने इस्राएल ज्यू आणि कुंडलिकेच्या खाडीपलीकडील कोर्लईचे (ता. मुरूड) कॅथलिक ख्रिस्ती. येथे मुख्यतः ख्रिस्ती परंपरेचा विचार केला आहे.

एलियाची कथा बायबलमधील ‘राजे’ या ग्रंथांत आहे. कार्मेल डोंगरावर त्याने बआल दैवताच्या साडेचारशे संदेष्ट्यांना एकट्याने आव्हान दिले आणि जिंकले. ईजबेल राणीने जिवे मारण्याची धमकी देताच तोच माणूस रानात पळाला आणि रतामाच्या झाडाखाली बसून मरण मागू लागला. ख्रिस्ती साधकांना कार्मेलवरच्या जयापेक्षा हा प्रसंग अधिक उपयोगी पडत आला आहे, कारण मोठ्या विजयानंतर लगेच येणारे खचलेपण त्यात उघड दिसते. आलेला देवदूत उपदेश करीत नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याची सुरई उशाशी ठेवतो, खायला सांगतो. एलिया खाऊन पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवून खायला घालतो. मग चाळीस दिवसांची वाटचाल करून तो होरेब डोंगरावर पोहोचतो. तेथे देव वाऱ्यात, भूकंपात वा अग्नीत भेटत नाही. त्यानंतरच्या मंद स्वरात भेटतो.

मलाखीच्या ग्रंथाच्या शेवटी असे भाकीत आहे, की परमेश्वराच्या भयंकर दिवसाआधी एलिया परत पाठवला जाईल. प्रॉटेस्टंट आवृत्त्यांत हा भाग ४ : ५–६ असा, तर हिब्रू व बऱ्याच कॅथलिक आवृत्त्यांत ३ : २३–२४ असा सापडतो. भाकितांवरून जगबुडीची तारीख काढण्याची हौस ख्रिस्ती जगात जुनी आहे. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला आणि तो सरळ निघून गेला. मलाखीने मात्र तारीख दिलेली नाही, काम दिले आहे : बापांची मने मुलांकडे आणि मुलांची बापांकडे वळवणे. नव्या करारात हे काम बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे येते (लूक १ : १७). कॅथलिक उपासनेत हा उतारा आगमनकाळात, २३ डिसेंबरला वाचला जातो. म्हणजे नाताळ दोन दिवसांवर आला असताना घरातले अबोले मिटवण्याची आठवण करून दिली जाते. आध्यात्मिक लढाईची इतकी घरगुती तयारी भाकीतवेड्यांच्या पुस्तकांत क्वचितच भेटते.

एलियाला आपला मूळपुरुष मानणारा कार्मेलाइट संघ बाराव्या शतकाच्या अखेरीस कार्मेल डोंगरावरच्या एकांतवासी साधकांतून निर्माण झाला. यरुशलेमचा धर्माध्यक्ष आल्बर्ट याने १२०६ ते १२१४ च्या दरम्यान त्यांना नियम घालून दिला. माणसाचे जगणे हीच कसोटी आहे असे मानून हा नियम इफिसकरांस पत्रातील (अध्याय ६) देवाची शस्त्रसामग्री एकेक करून अंगावर चढवायला सांगतो : विश्वासाची ढाल, तारणाचे शिरस्त्राण, वचनाची तलवार. त्याला लागूनच कष्टाचे कलम येते. हात सतत कामात असावेत, म्हणजे सैतानाला आत शिरायला फट मिळत नाही. पुढे मौनाचा नियम आहे.

कोर्लईच्या चर्चला याच डोंगराचे, माउंट कार्मेल मातेचे नाव आहे. खाडीच्या मुखावरचा कोर्लईचा डोंगर पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून घेतला. १७४० मध्ये चौलसह तो मराठ्यांकडे आला. पोर्तुगीज गेले, पण गावातले ख्रिस्ती राहिले आणि मराठीशी मिसळलेली त्यांची पोर्तुगीज बोलीही राहिली. धर्मकारभाराच्या दृष्टीने हा भाग मुंबईच्या महाधर्मप्रांतात मोडतो. कार्मेल मातेचा चर्चच्या पंचांगातील दिवस १६ जुलै, म्हणजे कोकणात ऐन पावसाचा.

बेने इस्राएलांचा ‘एलियाहू हन्नबी’ (संदेष्टा एलिया) खाडीच्या उत्तरेला आहे. अलिबागजवळच्या खंडाळे गावी (घाटातला खंडाळा नव्हे) त्याला स्वर्गात नेणाऱ्या रथाने भूमीला स्पर्श केला अशी श्रद्धा असून तेथील खडकावरच्या खुणा घोड्याच्या टापांच्या व रथाच्या मानल्या जातात. नवससायासाला, लग्नकार्याला त्याच्या नावाने मलिदा होतो : भिजवलेले पोहे, साखर किंवा गूळ, ओले खोबरे, वेलची, सुका मेवा आणि सोबत फळे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन व स्कॉटिश मिशनऱ्यांनी या समाजासाठी शाळा चालवल्या. त्यांपैकी जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले (१८३२). भाकिते पूर्ण झाली आहेत, मसिहा येऊन गेला आहे, हा मिशनऱ्यांचा मुख्य युक्तिवाद होता. बेने इस्राएलांनी शाळा घेतली, मराठी जुना करार घेतला, व्याकरणही घेतले. बाप्तिस्मा घेणारे मात्र फारच थोडे निघाले.