रंगभूषेतील पावडर
चेहऱ्यावरील रंगलेप टिकावा व प्रकाशझोतात त्वचा चकाकू नये, म्हणून लेपावर लावण्यात येणारी बारीक भुकटी. जुन्या मराठी रंगभूमीवर सफेदा, पिवडी यांसारख्या भुकट्याच मुख्य रंगद्रव्ये होत्या. सफेदा शिशाचा असल्यास तो श्वासावाटे व तोंडावाटे शरीरात जाऊन नटाला विषबाधा होण्याचा धोका असे. जर्मन गायक लुडविग लाइखनर याने १८७३ मध्ये बर्लिन येथे शिसेविरहित तैलरंगांचे उत्पादन सुरू केले. असा तैलरंग आपोआप वाळत नसल्याने पावडरीचे कार्य बदलले : रंग देण्याऐवजी तो स्थिर करणे.

नागपूरच्या पूर्वेकडील झाडीपट्टीत दिवाळीनंतरच्या हंगामात नाटके रात्रभर चालतात. तेथे रंगभूषा पहाटेपर्यंत टिकवावी लागते. पावडर संगजिरे, केओलीन किंवा तांदळाचा स्टार्च यांची असते. ती वर्णाशी जुळणारी अथवा रंगहीन निवडतात. फार पांढरी असल्यास चेहरा राखट दिसतो. ती चोळून न लावता पफने हलकेच दाबून लावतात व जादा भुकटी कुंचल्याने झटकतात. संगजिरे ॲस्बेस्टसमुक्त असणे आवश्यक असते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२४ मध्ये संगजिरे हे ‘संभाव्य कर्कजनक’ ठरविल्याने भुकटी श्वासात जाऊ न देणे श्रेयस्कर. सफेद्याच्या काळातील सावधगिरी अशा प्रकारे आजही अप्रस्तुत ठरलेली नाही.