लोहाराचें बलुतें आणि हमीचा कागद

वऱ्हाडांतील शेतकऱ्याच्या दारांत यंत्र येण्यापूर्वीं त्याचीं अवजारें गांवांतच घडत व गांवांतच दुरुस्त होत. नांगर आणि तिफण सुतारानें जुळवावी, फाळ व वखराची पास लोहारानें पाजवावी, आणि या वर्षभराच्या कामाचा मोबदला सुगीनंतर खळ्यावर धान्याच्या रूपानें मिळावा, अशी ही बलुत्याची रीत होती. या रीतींत हमी असा शब्द कोठेंच नव्हता. पण हमी होती. ऐन पेरणींत फाळ मोडला तर तो त्याच दिवशीं नीट करून देणें लोहाराला भाग असे, कारण त्याचें सारें वर्षाचें धान्य अद्याप शेतकऱ्याच्या खळ्यावरच पडलेलें असे. मोल शेवटीं द्यावयाचें असल्यामुळें काम चोख होण्याची सोय आपोआपच झालेली होती. ही व्यवस्था फार रम्य होती असें मानण्याचें मात्र कारण नाहीं. तींत लोहार गांवाशीं जखडलेला होता, आणि ज्याच्या घरीं जमीन नव्हती किंवा ज्याला गांवानें वेशीबाहेर ठेवलें होतें, त्याच्या तक्रारीला त्या खळ्यावर फारशी किंमत नसे.

किन्हीराजा हें वाशीम जिल्ह्याच्या मालेगांव तालुक्यांतील गांव. सन १८५३ च्या तहानें हा वऱ्हाड प्रांत निझामाच्या नांवावर राहून इंग्रजांच्या कारभाराखालीं गेला. पुढें आगगाडी आली, कापसाला परदेशचें गिऱ्हाईक मिळालें आणि शेतकऱ्याचा व्यवहार गांवाच्या शिवेबाहेर पडला. कापसाच्या व्यापाऱ्यांत शिस्त असावी म्हणून आज वाशीम जिल्ह्यांत असलेल्या कारंजें येथें १८८६ मध्यें नियंत्रित बाजार सुरू झाला. हिंदुस्थानांतील असा पहिला बाजार म्हणून त्याची गणना होते. त्यानंतर १८९७ मध्यें वऱ्हाडांतील कापूस व धान्य यांच्या बाजारांसाठीं स्वतंत्र कायदा झाला. म्हणजे या मुलुखांत माल विकणाऱ्या शेतकऱ्याच्या वजनमापाकडे सरकारचें लक्ष एकोणिसाव्या शतकांतच गेलें होतें. तोच शेतकरी बाजारांतून कांहीं विकत घेऊन घरीं निघाला म्हणजे मात्र त्याच्या पाठीशीं असें कोणी नव्हतें.

घेणाऱ्यासाठीं कायदा अगदींच नव्हता असें नाहीं. १८७२ च्या कराराच्या कायद्यांत मालाच्या गुणाविषयीं कांहीं कलमें होतीं. तीं काढून १९३० सालीं मालविक्रीचा स्वतंत्र कायदा करण्यांत आला व तो त्याच वर्षीं १ जुलैपासून अमलांत आला. त्याचा सांगाडा १८९३ च्या इंग्रजी कायद्यावरून घेतलेला आहे. या कायद्यानें विक्रेत्याच्या वचनांचे दोन वर्ग केले: एक शर्त व दुसरी हमी. शर्त मोडली तर ग्राहकाला माल परत करतां येतो. हमी मोडली तर माल ठेवून घेऊन फक्त नुकसानभरपाई मागतां येते. सामान्य माणूस हमी या शब्दाकडे मोठ्या भरंवशानें पाहतो, आणि कायद्याच्या भाषेंत मात्र दोन वचनांपैकीं दुबळें वचन तेंच आहे. शिवाय माल एकदां स्वीकारला, किंवा नापसंती न कळवितां वाजवी मुदतीपलीकडे ठेवून घेतला, कीं बहुधा शर्तीचीही हमीच होऊन बसते. पाणी उपसण्याचें यंत्र विहिरीवर बसवून चालविल्यावांचून त्याचा दोष कळत नाहीं. आणि दोष कळेपर्यंत तें परत करण्याचा अधिकार हातचा निसटलेला असतो.

याहून चमत्कारिक अशीं आणखी दोन कलमें त्यांत आहेत. वस्तु विशिष्ट कामासाठीं हवी असें सांगून विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून घेतली, तर ती त्या कामाला योग्य असली पाहिजे अशी शर्त कायदा गृहीत धरतो. पण तीच वस्तु ग्राहकानें छापाच्या नांवानें मागून घेतली, तर कामाच्या योग्यतेची ही शर्त लागू होत नाहीं. नांवाजलेलें यंत्र नांवानें मागावें हाच शहाणपणा समजला जातो, आणि कायद्यानें त्या शहाणपणाचा उलट दंड ठेवला! दुसरें कलम असें कीं, कायद्यानें दिलेली कोणतीही गर्भित हमी उभयतांच्या कराराने रद्द करतां येते. यंत्राबरोबर येणाऱ्या छापील हमीपत्राचा जन्म येथेंच आहे. त्याच्या ठळक अक्षरांत एक वर्षाची हमी असते, व खालच्या बारीक अक्षरांत, या हमीशिवाय दुसरी कोणतीही जबाबदारी कारखानदारावर नाहीं, असें लिहिलेलें असतें. विकत घेणाऱ्याला वाटतें आपल्याला कांहीं मिळालें. वस्तुतः कित्येकदां तो जें कायद्यानें मिळालेलें होतें तें सोडून देत असतो.

महाराष्ट्रांत लोखंडी नांगर व पंप खेडोपाडीं नेण्याचें श्रेय १९१० मध्यें वसलेल्या किर्लोस्करवाडीला आहे. त्या काळचीं अवजारें साधीं होतीं व मोडलेला भाग हुशार लोहाराला पाहून करतां येई. एंजिनें, ट्रॅक्टर व मोटारी आल्यावर ती सोय संपली. सुटा भाग तो कारखान्याचाच हवा आणि तो कारखान्याच्या अधिकृत माणसानेंच बसवावा, ही अट हमीपत्रांत शिरली. खळ्यावरचा हिशेब आतां उलटा फिरला होता. पैसे आधीं दिलेले, आणि दुरुस्ती मागाहून व्हावयाची.

या उलट्या हिशेबाविरुद्ध संघटित आवाज प्रथम शहरांत उठला. १९७४ मध्यें बिंदुमाधव जोशी यांनीं पुण्यास ग्राहक पंचायतीची स्थापना केली. १९७५ मध्यें मुंबई ग्राहक पंचायत निघाली. मक्तेदारीविरोधी कायद्यांत १९८४ सालीं जी दुरुस्ती झाली तींत, पार पाडण्याचा संभव नसतांना वस्तु बदलून देण्याचें अगर दुरुस्त करण्याचें वचन देणें, तसेंच जुनी किंवा डागडुजी केलेली वस्तु नवी म्हणून विकणें, हे अनुचित व्यापाराचे प्रकार ठरले. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें ही व्याख्या उचलली आणि दोष काढून देणें, वस्तु बदलून देणें, किंमत परत करणें व भरपाई देणें असे उपाय जिल्हा मंचाच्या हातीं दिले.

तरीही यंत्रावर पोट भरणाऱ्या माणसापुढें एक अडचण उरलीच. व्यापारी हेतूनें वस्तु घेणारा तो ग्राहक नव्हे, असें हा कायदा म्हणतो. मग एकाच लेथवर स्वतः राबणारा कारागीर ग्राहक कीं व्यापारी? १९९३ च्या दुरुस्तीनें खुलासा केला कीं, स्वयंरोजगारानें उपजीविका करण्यासाठीं घेतलेली वस्तु व्यापारी हेतूची नव्हे. महाराष्ट्रांतील लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या लहान कारखान्यानें कोइमतूरच्या एका संस्थेकडून घेतलेल्या यंत्राचा वाद सर्वोच्च न्यायालयांत गेला, तेव्हां १९९५ मध्यें न्यायालयानें हीच रेषा स्पष्ट आंखली. स्वतः चालविण्यासाठीं ट्रक, रिक्षा किंवा लेथ घेणारा ग्राहक आहे. दुसऱ्याकडून चालवून घेण्यासाठीं घेणारा नाहीं. खुद्द त्या कारखान्याचा दावा मात्र फेटाळला गेला. बियाणें घेणारा शेतकरी हाही ग्राहकच, हें न्यायालयानें २०१२ मध्यें निःसंदिग्ध केलें. सोयाबीन न उगवल्यामुळें हवालदिल झालेल्या वाशीमकडच्या शेतकऱ्याला हा निर्णय ठाऊक असणें फार गरजेचें आहे.

हमीपत्राच्या शब्दांना न्यायालय किती मान देतें हें २००६ च्या एका मोटारीच्या खटल्यांत दिसलें. क्लचमध्यें दोष होता. खालच्या आयोगानें मोटारच बदलून देण्यास सांगितलें. सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें कीं, हमींत सदोष भाग बदलण्याचें वचन आहे, सबंध गाडी बदलण्याचें नव्हे. न्याय अक्षराप्रमाणें झाला; परंतु त्या अक्षरांत काय लिहावें हें ठरविणारा एकच पक्ष असतो, हा प्रश्न तसाच राहिला.

सुट्या भागांच्या मक्त्यावर खरा घाव पडला तो २५ ऑगस्ट २०१४ रोजीं. भारतीय स्पर्धा आयोगानें १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड केला. अस्सल सुटे भाग खुल्या बाजारांत न विकणें व बाहेरच्या मिस्त्रीकडे काम केलें म्हणून सरसकट हमी रद्द करणें, हे दोन्ही प्रकार आयोगानें गैर ठरविले. बाहेरच्या दुरुस्तीनें जेवढी हानि झाली असेल तेवढ्यापुरतीच हमी नाकारतां येईल, असें त्यानें सांगितलें. दंड पुढें अपिलांत बराच कमी झाला. पण हें तत्त्व गांवच्या मिस्त्रीच्या बाजूचें आहे. जुलै २०२२ मध्यें केंद्र सरकारनें दुरुस्तीच्या हक्काविषयीं समिति नेमली आणि ज्या चार क्षेत्रांचा प्रथम विचार ठरविला त्यांत शेतीचीं यंत्रें आहेत. त्या वर्षीं २४ डिसेंबरला यासंबंधींचें संकेतस्थळही निघालें. संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे, हें येथें सांगितलेलें बरें.

कायदा आहे तो २०१९ चा. २० जुलै २०२० पासून तो लागू झाला. त्यानें एकतर्फी कराराविरुद्ध दाद मागण्याची सोय केली, आणि पावती नाकारणें हा अनुचित व्यापार ठरविला. किन्हीराजाच्या शेतकऱ्याच्या दृष्टीनें त्यांतील सर्वांत मोलाची गोष्ट मात्र अगदीं साधी आहे. पूर्वीं तक्रार प्रतिपक्षाचें ठिकाण असेल किंवा व्यवहाराचें कारण घडलें असेल तेथें करावी लागे. आतां ती तक्रारदार जेथें राहतो त्या जिल्ह्यांत करतां येते, आणि पांच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पडत नाहीं. कारखाना पुण्याचा असो कीं परदेशचा, त्याला उत्तर द्यावयाला वाशीमला यावें लागतें.