मानेसर : नव्या वसाहतींतील रस्ते व मलवाहिन्यांच्या खर्चाची वाटणी

नवी निवासी वसाहत वसते तेव्हा तिचे रस्ते, मलवाहिन्या, पावसाळी गटारे आणि पाण्याच्या वाहिन्या यांचा भांडवली खर्च जमीनमालक, विकसक, घर घेणारा आणि शासन यांच्यात कसा विभागायचा, हे ठरवणारी व्यवस्था. हरियाणातील गुरुग्राम जिल्ह्यात, दिल्ली-जयपूर महामार्गावर वसलेल्या मानेसर परिसरात या वाटणीच्या तीन पद्धती शेजारी शेजारी नांदतात. औद्योगिक नगरीत खर्च भूखंडाच्या किमतीत मिळवला जातो, परवानाधारक खासगी वसाहतींत तो विकास शुल्क म्हणून वसूल होतो आणि जुन्या गावठाणांत तो सार्वजनिक निधीतून भागवला जातो. त्यामुळे नगरविकासाच्या अभ्यासकाला मानेसरइतके बोलके उदाहरण क्वचितच मिळते.

कायद्याची चौकट. मूळ आधार हरियाणा नागरी क्षेत्र विकास व नियमन अधिनियम, १९७५ हा आहे. शेतजमिनीवर वसाहत उभारू पाहणाऱ्याला नगर व ग्रामनियोजन संचालकांकडून परवाना घ्यावा लागतो. कायद्याने कामांचे दोन भाग पाडले आहेत. वसाहतीच्या हद्दीतले रस्ते, मलवाहिन्या, गटारे, पथदिवे आणि उद्याने ही ‘अंतर्गत’ कामे विकसकाने स्वखर्चाने करायची असतात. हद्दीबाहेरची मुख्य मलवाहिनी, मैलाशुद्धीकरण केंद्र, सेक्टरचे मोठे रस्ते, पाणीपुरवठा ही ‘बाह्य’ कामे शासन करते आणि त्यातला आपला हिस्सा विकसक शासनाकडे भरतो. हे बाह्य विकास शुल्क व्यवहारात ‘ईडीसी’ म्हणून ओळखले जाते. राज्याच्या मोठ्या प्रकल्पांसाठी पायाभूत सुविधा शुल्क, म्हणजे ‘आयडीसी’, वेगळे द्यावे लागते. सदनिकेच्या करारनाम्यात ही दोन्ही नावे जोडीने येतात, म्हणजे भार अखेर घर घेणाऱ्यावरच पडतो.

खरेदीदाराच्या संरक्षणाच्या तरतुदी कायद्यात कमी नाहीत. विकासकामांच्या अंदाजित खर्चाच्या २५ टक्के रकमेची बँक हमी विकसकाला द्यावी लागते. भूखंडधारकांकडून आलेल्या पैशांपैकी ३० टक्के रक्कम दहा दिवसांत स्वतंत्र खात्यात भरायची आणि ती फक्त अंतर्गत कामांवरच खर्च करायची, असे बंधन आहे. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर पाच वर्षे रस्ते व वाहिन्यांची देखभाल विकसकाकडे असते. त्यानंतर त्या विनामूल्य शासनाकडे किंवा स्थानिक संस्थेकडे सोपवायच्या असतात. ही पाच वर्षे दाखल्याच्या तारखेपासून मोजली जातात. दाखला लांबला की हस्तांतरणही लांबते, आणि तोवर रहिवासी महापालिकेचा मालमत्ता कर व वसाहतीचा देखभाल खर्च असे दोन्ही भरत राहतात.

दर आणि हिशेब. ईडीसी एकरी आकारले जाते आणि वापरानुसार बदलते. २०२४ अखेरपर्यंत गुरुग्राम-मानेसर नागरी संकुलात गट गृहनिर्माणासाठी एकरी ३१२.२८९ लाख रुपये आणि भूखंडांच्या वसाहतीसाठी एकरी १०४.०९६ लाख रुपये असा दर होता. हे प्रमाण तीनास एक आहे. इमारतींच्या संकुलात एका एकरावर माणसे अधिक, म्हणून पाणी आणि मैलाही अधिक, हा त्यामागचा विचार आहे, आणि तो योग्य आहे. एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. चटई क्षेत्र निर्देशांक १.७५ धरला तर ७६,२३० चौरस फूट बांधकाम होते आणि दर चौरस फुटास सुमारे ४१० रुपये ईडीसी बसते. हजार चौरस फुटांच्या घरामागे ही रक्कम चार लाखांच्या वर जाते. डिसेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या दरांत १ जानेवारी २०२५ पासून २० टक्के आणि पुढे दरवर्षी १० टक्के वाढ मंजूर केली. त्या वाढीने पहिल्याच वर्षी हा आकडा चौरस फुटाला ४९० रुपयांच्या पुढे जातो.

शुल्क एकरकमी भरावे लागत नाही. विकसक ते सहामाही हप्त्यांनी, व्याजासह भरू शकतो. प्रश्न इथूनच सुरू होतो. घर घेणाऱ्याने पैसे दिलेले असतात, विकसकाचे हप्ते थकलेले असतात आणि मुख्य वाहिनीचे काम निधीअभावी रखडलेले असते. थकबाकी इतकी साचली की २०२१ मध्ये राज्याला ‘समाधान से विकास’ नावाची एकरकमी तडजोड योजना आणावी लागली. ज्यांनी वेळेवर भरले त्यांना अशा सवलतीतून काहीच मिळत नाही, याची दखल घेतली गेली पाहिजे.

तुटलेले रस्ते. जुन्या गुरुग्रामात हरियाणा नगरविकास प्राधिकरणाने (स्थापना १९७७, २०१७ पासून हरियाणा शहरी विकास प्राधिकरण) सेक्टरची जमीन संपादित करून सलग आखणी केली. मानेसरकडच्या नव्या सेक्टरांत मात्र मुख्य भिस्त खासगी परवान्यांवर राहिली. परवाना मिळतो तो विकसकाने शेतकऱ्यांकडून जमवलेल्या जमिनीपुरता. मधल्या एखाद्या मालकाने जमीन विकली नाही तर तेवढा तुकडा परवान्याबाहेर राहतो. सेक्टरच्या आतला २४ मीटर रुंदीचा रस्ता आराखड्यावर सलग दिसतो. प्रत्यक्षात तो एका वसाहतीच्या कुंपणापाशी डांबर, पदपथ, दिव्यांच्या खांबांसह संपतो, पुढे मोहरीचे शेत लागते आणि त्यापलीकडे तोच रस्ता पुन्हा सुरू होतो. दोन्ही बाजूंच्या विकसकांनी आपापला हिस्सा बांधलेला असतो. मधल्या तुकड्यासाठी कायद्याच्या दृष्टीने कोणीच देणेकरी नसतो. तो संपादित करायचा तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे नुकसानभरपाई आणि तितकाच दिलासा मोबदला द्यावा लागतो. शिवाय आजूबाजूला वसाहती झाल्यामुळे भावही चढलेला असतो.

रस्त्यापेक्षा मलवाहिनीचे दुखणे मोठे. रस्ता तुटला तर वळसा घालून जाता येते. मैला उतारानेच वाहतो. एका ठिकाणी खंड पडला की वरच्या अंगाच्या सगळ्या वाहिन्या निरुपयोगी ठरतात. वाहिनीचा व्यासही शेवटच्या वसाहतीचा विचार करून ठरवावा लागतो, म्हणजे आधी येणाऱ्याने नंतर येणाऱ्यांसाठी खर्च उचलायचा. मुख्य वाहिनी पोहोचेपर्यंत मोठी संकुले स्वतःचे मैलाशुद्धीकरण केंद्र चालवतात, प्रक्रिया केलेले पाणी संडासांच्या टाक्यांना व बागेला वापरतात आणि उरलेले टँकरने बाहेर नेतात. टँकर कुठे रिकामा होतो यावर देखरेख अपुरी आहे. गुरुग्राम-मानेसर भागातील बरेचसे सांडपाणी अखेर नजफगड नाल्यातून यमुनेला मिळते. त्यामुळे मानेसरच्या एका सेक्टरात न जुळलेली वाहिनी हा दिल्लीच्याही आरोग्याचा प्रश्न बनतो.

औद्योगिक नगरी. महामार्गालगतची आयएमटी मानेसर ही हरियाणा राज्य औद्योगिक व पायाभूत सुविधा विकास महामंडळाने संपादित जमिनीवर वसवली. इथे रस्ते सलग आहेत, कारण मालकी एकहाती होती. खर्च भूखंडाच्या किमतीत येतो. पण न्यायालयाने शेतकऱ्यांची भरपाई वाढवली की फरकाची रक्कम भूखंडधारकांकडून मागितली जाते. ‘एन्हान्समेंट’ या नावाने ती परिचित आहे, आणि भूखंड घेऊन कित्येक वर्षे उलटल्यावरही तिची नोटीस येऊ शकते. संपादनाच्या मार्गालाही डाग लागलेला आहे. मानेसर, नौरंगपूर व लखनौला या गावांतील ९१२ एकर जमिनीसाठी २००४ मध्ये अधिसूचना निघाली, संपादनाच्या धास्तीने अनेक शेतकऱ्यांनी जमिनी विकल्या आणि २००७ मध्ये शासनाने संपादन सोडून दिले. सर्वोच्च न्यायालयाने १२ मार्च २०१८ रोजी हा प्रकार सत्तेचा गैरवापर ठरवला.

गावे आणि कामगारवस्त्या. डिसेंबर २०२० मध्ये २९ गावे मिळून मानेसर महानगरपालिका झाली. तिची पहिली निवडणूक मार्च २०२५ मध्ये पार पडली. लाल डोऱ्यातल्या, म्हणजे गावठाणातल्या, घरांना ईडीसी लागू नाही. कासन, नाहरपूर, अलियर अशा गावांत कारखान्यांचे कामगार भाड्याच्या खोल्यांत दाटीने राहतात आणि गल्लीतली गटारे त्या वस्तीला पुरी पडत नाहीत. परवान्याविना झालेल्या वसाहतींसाठी २०१६ च्या एका राज्य कायद्याने नियमितीकरणाची वाट ठेवली आहे. त्यात विकास शुल्क भूखंडधारकाने थेट भरायचे असते. मुख्य रस्ते व मुख्य वाहिन्या २०१७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या गुरुग्राम महानगर विकास प्राधिकरणाकडे, गल्लीबोळ महापालिकेकडे आणि शुल्काची वसुली चंडीगडच्या नगरनियोजन खात्याकडे, अशी विभागणी आहे. पैसे भरणाऱ्याला आपला पैसा कोणत्या वाहिनीत गेला हे कळण्याची सोय या रचनेत नाही, आणि मानेसरच्या व्यवस्थेतला हाच सर्वांत गंभीर दोष आहे.

तुलना. महाराष्ट्रात १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून वेगळी वाट रूढ आहे. नगररचना योजनेत सगळ्या मालकांच्या जमिनी एकत्र धरतात, रस्त्यांसाठी प्रत्येकाकडून थोडा हिस्सा घेतात आणि उरलेला अंतिम भूखंड परत देतात. जमिनीच्या वाढलेल्या किमतीचा निम्म्यापर्यंतचा भाग अंशदान म्हणून योजनेच्या खर्चात जमा होतो. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने हीच रीत पुढे चालवली. वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले येथील मालमत्ता पत्रकांवर ‘टीपीएस’ ही अक्षरे आजही दिसतात, ती या योजनांचीच. या पद्धतीत आडमुठा मालकही योजनेचा भाग असल्याने मधले शेत सुटत नाही. तिचा मोठा दोष म्हणजे लागणारा काळ. लवादाचे काम वर्षानुवर्षे रेंगाळते. याखेरीज १९९२ पासून महाराष्ट्रात बांधकाम परवानगीसोबत विकास शुल्क घेतले जाते आणि गुंठेवारी वसाहतींसाठी २००१ चा स्वतंत्र कायदा आहे.

इंग्लंडमध्ये १८९२ च्या खासगी रस्ते कायद्याने रस्त्यालगतच्या मालकांवर दर्शनी लांबीच्या प्रमाणात खर्च बसवला. जर्मनीच्या बांधकाम संहितेत नव्या रस्त्याच्या खर्चातला किमान १० टक्के वाटा नगरपालिकेने उचलायचा असतो आणि बाकीचा त्याच रस्त्यावरच्या मालकांकडून वसूल होतो. दोन्हीकडे मागणी एका ठरावीक रस्त्यावरच्या ठरावीक कामाची असते. ईडीसी गोळा होते संपूर्ण नागरी संकुलाच्या अंदाजावरून, आणि कोणत्याही एका रस्त्याशी तिचे नाते जोडलेले नसते. सेक्टरनिहाय जमा-खर्च दरवर्षी जाहीर करणे आणि मधल्या तुकड्यांपुरती नगररचना योजना राबवणे, हे दोन उपाय मानेसरला आजही लागू पडतील.