वीच घराण्याची नर्सरी

ज्या सेमिनरींत धर्मगुरूचें शिक्षण होतें, तिच्या नांवाचा मूळ अर्थ पुष्कळांस ठाऊक नसेल. ल्याटिन भाषेंत 'सेमिनारियुम' म्हणजे बीं रुजवून रोपें तयार करण्याचा वाफा. इ. स. १५६३ मध्यें ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें भावी याजकांच्या शिक्षणगृहांस हेंच नांव दिलें. म्हणून ज्युबिलीच्या या पुस्तकांत आम्ही एका खऱ्याखुऱ्या नर्सरीचा इतिहास सांगूं लागलों, तर तो वाचकांस अस्थानीं वाटूं नये.

जॉन वीच हा स्कॉटलंडांतील जेडबर्ग गांवचा माळी. इंग्लंडांत डेव्हन परगण्यांतील किलर्टन येथें एका जमीनदाराची बाग लावण्यास तो आला, व इ. स. १८०८ मध्यें त्यानें जवळच बडलेक येथें स्वतःची नर्सरी काढली. मुलानें ती १८३२ मध्यें एक्झेटर शहरीं नेली. नातवानें १८५३ मध्यें लंडनांत चेल्सी येथें दुसरी नर्सरी घेतली. परदेशचीं झाडें व झुडपें आणविण्यासाठीं हे लोक पदरच्या पैशानें माणसें दूरदेशीं धाडीत. विल्यम लॉब यानें त्यांच्यासाठींच कॅलिफोर्नियांतील प्रचंड वृक्षांच्या बिया १८५३ मध्यें आणिल्या.

या घराण्याच्या इतिहासांतील एक प्रकरण आम्हां क्याथोलिकांस विशेष जवळचें आहे. इ. स. १८६९ मध्यें चीन देशाच्या सेचुआन प्रांतांत विन्सेंशियन मिशनरी फादर आर्मां दाविद यांस एक अपूर्व वृक्ष दिसला. त्याच्या फुलाभोंवतीं दोन शुभ्र पानें असतात. तीं वाऱ्यानें हललीं म्हणजे फांद्यांवर कबुतरें बसलीं आहेत असें वाटतें. शास्त्रज्ञांनीं त्यास 'दाविदिया' असें नांव दिलें.

या वृक्षाचें बीं मिळविण्यास वीच घराण्यानें १८९९ मध्यें अर्नेस्ट विल्सन या तेवीस वर्षांच्या तरुणास चीनकडे पाठविलें. पुढल्या वर्षीं सांगितलेल्या ठिकाणीं तो पोहोंचला, तों काय! झाड तोडलेलें, केवळ बुंधा उरलेला, आणि शेजारीं नवें घर उभें. तरी त्यानें धीर सोडला नाहीं. शोधतां शोधतां दुसरीं झाडें सांपडलीं, व बिया इंग्लंडांत आल्या.

त्या रुजविण्यास कांहीं ऊबदार काचघरांत ठेविल्या, कांहीं ऊन पाण्यांत भिजविल्या, कांहींचें कवच कानशीनें घासलें. त्यांतील एकही रुजली नाहीं. उघड्या वाफ्यांत पेरून थंडीवाऱ्याच्या स्वाधीन केलेल्या बिया मात्र आपल्या वेळीं उगवल्या. वीच यांच्या बागेंत पहिलें फूल आलें तें १९११ मध्यें.

विल्सन परतल्यावर त्यास कळलें कीं, फ्रान्स देशानें त्याच्या आधींच बाजी मारली होती. फादर फार्ज या मिशनऱ्यानें चीनहून १८९७ मध्यें सदतीस बिया विल्मोरँ घराण्याकडे धाडल्या होत्या; त्यांतील एकच १८९९ मध्यें रुजली, व त्या झाडास १९०६ मध्यें फुलें आलीं. फादर दाविद तर १९०० मध्येंच देवाघरीं गेले होते. ज्यानें वृक्ष प्रथम पाहिला, त्यास युरोपांतील ती फुलें पाहावयास मिळालीं नाहींत.

पुढें चेल्सीचे धनी सर हॅरी वीच निःसंतान. चालविणारा योग्य वारस नाहीं, म्हणून १९१४ मध्यें त्यांनीं कारभार आटोपला. एक्झेटरची नर्सरी घराण्याच्या दुसऱ्या शाखेनें १९६९ पर्यंत चालविली. रोपें हजारों वाढविलीं, पण गादीवर बसण्यास घरचें रोप उरलें नाहीं!

प्रिय धर्मबांधवांनो, हें वाचून आमच्या मनांत एक चिंता उभी राहते. देऊळ आहे, घंटा आहे, उत्सव आहे. परंतु पुढच्या ज्युबिलीच्या मिस्सेस वेदीपाशीं कोण उभा राहील? देवाच्या पाचारणाचें बीं घाईनें उगवत नाहीं. घरच्या रोजारीच्या उघड्या वाफ्यांत तें पेरावें लागतें, आणि फुलें दुसऱ्यांनीं पाहावीं अशी तयारी ठेवावी लागते. आमच्या वाडवडिलांनीं ती ठेविली, म्हणून आज आपण येथें जमलों आहों. तीच तयारी आपल्या हातूनही घडो, हीच प्रभूचरणीं प्रार्थना.